मासिकात नसलेला धूर

सोलापूरच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाची मी केलेली ती पहिलीच दाढी. मी सहावीत शाळा सोडलेली, गाव पार भंडाऱ्याकडं, आणि मालकांनी बजावलं होतं, "गिऱ्हाईक ओरडलं की घरची गाडी धरायची." खुर्चीतला माणूस मंद्रूपकडचा, झुपकेदार मिशांचा. रद्दीतून आलेलं विलायती शिकारीचं मासिक मांडीवर घेऊन तो एकटाच हसत होता.

"हे बघ," म्हणत त्यानं फोटो दाखवला. हातात ठासणीची बंदूक, पायाशी सांबर आणि साहेबाचे कपडे कडक इस्त्रीचे. "असलीच बंदूक माझ्या आज्याची हाय. बार काढला की म्होरं निस्ता धूर. हरण पडलं का पळालं, कायबी दिसत न्हाय. थांबावं लागतं. ह्यात एका तरी फोटूत धूर हाय का?"

मी पानं चाळली. कुठंच नव्हता.

तो पुन्हा हसला, गाल हलला आणि माझा वस्तरा लागला. रक्ताचा थेंब आला. मालक वळले, तसं त्यानं मासिक त्यांच्या बाजूनं तोंडाला आडवं धरलं.

"इंग्रजी येतं व्हय पाटील?" मालकांनी विचारलं.

"फोटू वाचतूय की," तो म्हणाला आणि मला हळूच, "तुरटी लाव. धूर जाऊ दे आदी."

'पाटील' यापलीकडं त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तो आला, तेव्हा मालक मोकळेच होते, त्यांची खुर्ची रिकामी होती. तरी तो थेट माझ्याकडं आला, मासिक मागून घेतलं आणि मान निवांत मागं टाकली.