अंबरीशच्या मापाची बंदूक

"अगं, छत्री घेतो तशी बंदूक नाही घेता येत!"

"का नाही? दुकानात तयार आहे, डावखुऱ्यांसाठी कंपनीनेच काढलेली आहे. तूच सांगितलंस."

"डावखुऱ्यांसाठी आहे. माझ्यासाठी नाही."

"दस्ता लांब पडतो ना? मग दोन बोटं कापून घे. तुझ्या पँटी नाही का मी खालून कापून शिवत?"

मंजूषा कोथिंबीर निवडत होती. हॉलंडमधल्या हूफडॉर्पच्या त्या तिसऱ्या मजल्यावर शनिवारची सकाळ एरवी धुण्याभांड्यांत जायची; आज बंदुकीत चालली होती.

आणि बंदूक कोणाला हवी होती, तर अंबरीशला! चिकन साफ करायची वेळ आली की ज्याला हटकून ऑफिसचा फोन येतो, त्याला. मिरजेच्या घरी लहानपणी डाव्या हाताने जेवला म्हणून पाठीत धपाटे खाल्लेला, पुढे उजव्या हाताने लिहून इंजिनिअर झालेला, कंपनीने इथे पाठवलेला साधा माणूस. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातला हेंक त्याला शिकारीला घेऊन गेला, तो रान उठवायला. हातात काठी घेऊन, चिखल तुडवत, ससे उठवत ओरडत जायचं. घरात ज्याचा आवाज निघत नाही तो तीन हिवाळे शेतांतून बोंबलत हिंडला. मग हेंकची मंडळी म्हणाली, शिकारीच्या परवान्याची परीक्षा दे. पठ्ठ्याने सगळ्या पशुपक्ष्यांची डच नावं पाठ केली आणि पासही झाला. बंदूक कुठे ठेवणार ते बघायला पोलीस घरी आला. तांदळाच्या पोत्याशेजारचं लोखंडी कपाट त्याने दोनदा हलवून पाहिलं, चहा नको म्हणाला आणि होकार देऊन गेला.

राहिली होती फक्त बंदूक.

"तयार बंदुकीत काय होतं सांगू?" अंबरीशने लाटणं उचलून डाव्या खांद्याला लावलं. "मान अशी ताणावी लागते. डोळा जागेवर यायला एक क्षण जास्त जातो. तेवढ्यात हरीण हललं तर गोळी भलतीकडे लागते. मग ते जखमी होऊन पळतं, आणि आपण दिवसभर रक्ताचा माग काढत फिरायचं. मला ते नकोय."

"लाटणं ठेव. ज्ञानदा बघतेय, पोरीला नको ते शिकवू नकोस."

"हार्लेमच्या त्या बंदुका बनवणाऱ्या म्हाताऱ्याने काल माझं माप घेतलं, मंजू. खांदा, मान, हात, गाल. गालाचं सुद्धा! म्हणाला, ही तुझ्याशिवाय कोणाच्या खांद्याला बसणार नाही."

"म्हणजे उद्या विकायची म्हटली तर?"

"विकायची कशाला?"

मंजूषाचे हात थांबले. "मिरजेला नेणार आहेस? तिकडे शिकारीला बंदी आहे. तयार घेतलीस तर जाताना दुकानदार परत तरी घेईल."

अंबरीशने लाटणं जागेवर ठेवलं.

"किती दिवस लागतात बनवायला?" मंजूषाने विचारलं.

"अक्रोडाचं लाकूड असतं. ते निवडायचं, मुरवायचं, मग..."

"अंबरीश, किती?"

"त्याच्या हातात आधीची कामं आहेत. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात देतो म्हणाला."

मंजूषाने मनात महिने मोजले. ज्ञानदा चौथीत जायच्या आत परतायचं, पुढच्या मेमध्ये, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. तिने मिरजेच्या शाळेला पत्र लिहिलं होतं. दर रविवारी ती पोरीला बाराखडी गिरवायला बसवत होती. पोर डचमध्ये कुरकुरत का होईना, गिरवत होती.

"त्याला हो म्हणालास?"

"माप दिलंय."

"मापाचं नाही विचारत. हो म्हणालास का?"

"म्हणालो."

"कधी?"

"काल. तिथेच."

मंजूषाने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. आवाज अजिबात न चढवता तिने विचारलं, "मेमध्ये आपण जातोय ना, अंबरीश?"

अंबरीशने खुंटीवरचं जाकीट काढलं, बाह्यांत हात घातले आणि दार ओढून घेऊन तो जिना उतरला.