मामांची एकच शाल

ईट गावच्या माझ्या मामांच्या पिशवीत कायम एक शाल असायची. कुणाची म्हैस व्यायली, कुणाला ड्रायव्हिंगचं लायसन मिळालं, की मामा भर चौकात त्याचा सत्कार करायचे. फोटो निघाला की शाल परत घडी होऊन पिशवीत. कुणी ती धरून ठेवलीच, तर म्हणायचे, "मान तुझा, शाल गावाची. सोड!"

मला पुण्याच्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा मीही त्या शालीत उभा राहिलो. मामा माइकवर एवढंच म्हणाले, "भाचा शिकाय चाललाय."

मी कानाशी लागलो, "मामा, कॉलेजचं नाव!"

"त्यांनी गेटावर तुझं नाव लावलंय का? मग म्या त्यांचं कशाला घिऊ?"

ती कसर मी पुढं जन्मभर भरून काढली. आता धाराशिवात माझं फरशीचं दुकान आहे. गिऱ्हाईक न्हाणीघराची फरशी बघायला आलं, तरी मी कॉलेजपासूनच सुरुवात करतो. बायको म्हणते, "अहो, त्यांना आधी फरशी दाखवा."

आमच्या सायलीला मात्र त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. धाराशिवातच शिकायचं ठरलं. त्याच आठवड्यात ईटला मामांच्या नातवाचं बारसं होतं. ती यायलाच तयार होईना.

"आजोबा सत्कार करतील. मग सगळे विचारतील, बाबांच्या कॉलेजात का नाही?"

कशीबशी आणली. मामांनी शाल घातलीच. पोरगी मान खाली घालून उभी. मी घाईघाईनं मामांना म्हणालो, "कॉलेजचं नाव काढू नका हां!"

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि माइक तोंडाशी नेला.

"ऐका! ह्यो माझा भाचा. आजवर ह्याच्या तोंडात कॉलेजबिगर दुसरं काय न्हाय. आज पयल्यांदा म्हणतोय, कॉलेजचं नाव काढू नका! लई उशिरा का व्हयना, पोरगं शिकलं. आता ह्याचा सत्कार!"

सायलीच्या अंगावरची शाल माझ्या अंगावर आली. मांडव हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं सायली. "बाबा, हसा की, फोटो निघतोय!"

मामा गेल्या वर्षी गेले. शाल मामीनं सायलीच्या हाती दिली. परवा एका गिऱ्हाइकाला मी फरशी दाखवली, विकली, टेम्पोत भरूनही दिली. तोंडातून कॉलेजचं नाव काही निघालं नाही. मागं वळलो, तर सायली शाल उघडून उभी.

तिनं ती मला घातली, मोबाइलवर फोटो काढला आणि लगेच हात पुढं केला.

"सोडा आता, बाबा. शाल गावाची."