अडकलेला जेट

आमच्या छत्रीबागेतल्या घरी बाबांच्या जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरला हात लावायची कुणाची टाप नव्हती. दरवर्षी तो उघडून साफ करायचा मान बाबांचा. गेल्या वर्षी मात्र जेट, म्हणजे पेट्रोल बेतानं सोडणारा तो भोकाचा पितळी स्क्रू, आतच अडकून बसला. त्याची खाचही पार सपाट झालेली, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर धरेना.

"मागे गाडी दुरुस्तीला दिली होती ना, त्या मेकॅनिकनं पहिलेच बिगाडून ठेवलंय, बेटा," बाबा म्हणाले.

मी वाकून पाहिलं. खाचेतलं पितळ ताजं चकाकत होतं. बाबांचे हात हल्ली थरथरतात. खाच कुणाच्या हातून गेली ते मला कळलं; मी नुसता स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवला. नवा जेट सुटा मिळाला, पण दुसरा कार्ब्युरेटर कुठेच मिळेना. "नाही निघाला तर गाडी भंगारात देऊन टाकू," असं म्हणून बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

मी सांवेर रोडवरच्या कारखान्यात मशीनशॉप सांभाळते. घरी मात्र बाबांनी काढलेले स्क्रू वाटीत ठेवण्यापलीकडे मला काम नसे, आणि त्याचा मला रागही होता. रविवारी मी सरळ सांगितलं, "बाबा, आज मी करते. तुम्ही खुर्चीत बसायचं, बस."

जुन्या बारीक कानशीचं टोक मी घासून चौकोनी, निमुळतं केलं. कार्ब्युरेटर उकळत्या पाण्यात तापवला आणि पकड बसावी म्हणून ते टोक हलक्या हातानं जेटच्या भोकात ठोकलं. आता फिरवणार, तोच बाबा खुर्चीतून म्हणाले, "सीधा खोलू नको. आधी जरा आवळ, फिर ढील दे."

ऐकलं. किंचित आवळला, मग उलटा फिरवला. कट्ट झालं आणि जेट सुटला. आतले आटे शाबूत! मी तर अंगणातच नाचले.

नवा जेट घालून कार्ब्युरेटर गाडीला बसवला. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. आवाज ऐकून शेजारचे काका फाटकाशी आले. "वा बाबूजी, निकाल लिया आखिर!"

"मी नाही, हिनं काढला," बाबा मोठ्यानं म्हणाले. मग काकांना म्हणाले, "और भिया, खाच मीच बिगाडली होती. मेकॅनिकवर उगाच ढकललं."

जेट सुटल्यापासून मी स्वतःवरच खूश होते. त्या क्षणी मला माझ्यापेक्षा त्यांचा अभिमान वाटला.