‘मी केलं’ असं लिहिताना

पुण्याहून निघाले तेव्हा टॅक्सीच्या डिकीत दोन बॅगा होत्या आणि माझ्या हातात एकेचाळीस ओळींची यादी, सगळ्यांवर टिक झालेली. सोसायटीच्या गेटपाशी बाबा खिडकीत वाकून म्हणाले, “तिथे जाऊन स्वतःची टिमकी वाजवू नकोस. काम चांगलं असलं की लोकांना दिसतं.” हे यादीत नव्हतं, पण सगळ्यात जपून हेच आणलं.

त्याला आठ वर्षं झाली. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात राहून मी रेल्वेच्या पुलांवर संशोधन केलं. पुलाला सेन्सर लावायचे आणि त्यांच्या आकड्यांवरून तडा कुठे जाणार हे ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं. पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचं, कंत्राट दोनदा वाढलं. तिसऱ्यांदा वाढणार नाही, हे प्रोफेसरांनी कॉफी पाजून सांगितलं. सेहेचाळिसाव्या वर्षी संशोधन सोडायचं नसेल तर नवी जागा हवी होती, आणि माझ्या विषयातल्या जागा ऑस्ट्रेलियात निघत होत्या.

मी स्प्रेडशीट उघडलं. विद्यापीठ, विषय, शेवटची तारीख, तिथली वेळ, आपली वेळ. सात अर्ज गेले, सात नकार आले.

शेवटी त्यातला एक अर्ज मेलबर्नच्या अश्विनीला वाचायला पाठवला. ती माझी कॉलेजची मैत्रीण, तिथे शिकवते. फोनवर ती हसतच सुटली.

“अगं, इथे निकषांची यादी देतात. एकेका निकषाखाली तू काय केलंस ते लिहायचं. तुझं आपलं सगळीकडे ‘आमच्या गटाने केलं’, ‘सरांच्या मार्गदर्शनाखाली झालं’. गट येणारे का नोकरीला?”

“पण सगळे होतेच ना गं.”

“प्रोग्रॅम कोणी लिहिला?”

“मी.”

“मग लिही की तसं! जन्मभर याद्या करतेस आणि त्यांची यादी दिसली नाही?”

लागलं, पण पटलं. पहिल्या दिवशी ‘मी’ने सुरू होणारी तीनच वाक्यं जमली, तीही लाजत लाजत. नवऱ्याने, समीरने, पूर्ण अर्ज वाचला आणि म्हणाला, “ही बाई भारी दिसतेय. कुठे राहते?” तुमच्यापैकी कोणी अर्ज करत असाल तर अश्विनीचं ऐका, सात नकार वाचतील.

आठव्या अर्जाला ॲडलेडहून मुलाखत आली, इथल्या सकाळी सात वाजता, व्हिडिओवर. लेक इरा युनिफॉर्ममध्ये जिन्यावर बसून होती. “आई, तू शाय नको होऊ हां.” त्यांनी विचारलं, या पद्धतीत तुमचा स्वतःचा वाटा किती? जीभ सवयीने गटाकडे वळली. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, पद्धत माझी आहे. मग पुढची वीस मिनिटं मला कुणी थांबवू शकलं नाही.

नोकरी मिळाली. मी आधी जाणार, शाळेचं वर्ष संपलं की समीर आणि इरा येणार. विद्यापीठाच्या फॉर्मात ‘घरचा पत्ता, तातडीच्या वेळी कळवण्यासाठी’ अशी एकच ओळ होती. घर कुठलं, पुण्याचं की रीडिंगचं? मी अडकले. आईला फोन लावला.

“रीडिंगचा घाल,” ती म्हणाली. “समीर लगेच निघू शकेल. आम्ही इथून काय करणार?”

बरोबर होतं. मी रीडिंगचा पत्ता लिहिला. खाली फोन नंबराची जागा होती, तिथे मात्र आईचा नंबर टाकला.