काकू आणि किल्ल्यातली बाई

गोष्ट रंगात आली की काकू पुस्तकाच्या उघड्या पानावर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "थांब. तिला जरा बसू दे."

ती म्हणजे कादंबरीतली भूत झालेली बाई. काकूंना तिच्या पायांची काळजी वाटायची.

तुम्ही त्या काळी गुलमंडीच्या बाजारात लुगडी घ्यायला गेला असाल तर काकूंना पाहिलं असणारच. खाली मुलाचं कापडाचं दुकान, वर त्यांचं बिऱ्हाड. सकाळभर त्या गल्ल्याशेजारी पाट मांडून बसत, आणि ठाण उलगडायला लावून काही न घेताच उठणाऱ्या गिऱ्हाइकाकडे अशा बघत की ते निमूट परत बसे. मी शेजारच्या माडीवर भाड्याने राहायचे. मी शिक्षिका, शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मोकळी असायचे.

काकू साल सांगायच्या नाहीत, सगळं निजामी संपवणाऱ्या पोलिस ॲक्शनच्या आधी किंवा नंतर. त्यांचं लग्न ॲक्शननंतर लगेचचं. माहेरच्या गावात शाळा होती ती उर्दू, तीही मुलांची, त्यामुळे काकूंना कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. त्यांची सून सुमन पैठणची, दहावी झालेली. माझ्याकडे शाळेच्या ग्रंथालयातली ती जाडजूड कादंबरी पाहून तिने ती मागून नेली आणि दुपारी सासूला वाचून दाखवायला लागली. मीही जाऊन बसू लागले.

गोष्ट आपल्या दौलताबादच्या किल्ल्यातली. सरकारी मोजणीसाठी आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याला अंधारीत, किल्ल्यातल्या त्या काळोख्या भुयारात, दिवा घेतलेली बाई भेटते. ती यादवांच्या काळातली. वेढा पडलेला असताना तिचा नवरा निरोप घेऊन बाहेर गेला, तो आलाच नाही. तिने जिवंतपणी वाट पाहिली आणि मेल्यावरही पाहत राहिली. हा अधिकारी तिच्या प्रेमात पडतो, रोज काही ना काही मोजायचं राहिलं म्हणून किल्ला चढतो.

काकूंना त्या बाईने पुरतं नादी लावलं. दुपारचं भजन सुटलं. सुमनचे हात मोकळे राहावेत म्हणून त्या स्वतः ज्वारी निवडायला घ्यायच्या. शंका तर विचारू नका. "वेढा पडला तवा गडावरच्या पोत्यात धान्याऐवजी मीठ निघालं म्हणतेत. मंग ही इतकी वर्षं खाती काय?"

"आत्याबाई, ती भूत आहे," सुमन हसत म्हणायची.

"भूत असली म्हणून काय झालं? पोरीची जात हाय."

सुमन वाचायची ते ऐकण्यासारखं होतं. अधिकाऱ्यासाठी जाड आवाज, त्या बाईसाठी अगदी खालचा. एरवी त्या घरात तिचा आवाज निघत नसे. दुपारी मात्र ती खळखळून हसायची, आणि काकू तिच्याकडे कौतुकाने बघत राहायच्या.

एका दुपारी ती एका गालावरून पदर ओढून वाचायला बसली. काकू सगळा वेळ पुस्तकाकडेच बघत होत्या. वाचून झाल्यावर सुमन चहा करायला उठली, तेव्हा त्या माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "रागीट हाय पोरगा. बापावर गेलाय." आणि ज्वारी पाखडायला घेतली.

थोड्याच दिवसांनी सुमनचा भाऊ आला आणि तिला पैठणला घेऊन गेला. पुस्तक फडताळावर राहिलं. शेवटची दोन प्रकरणं वाचायची होती.

काकू म्हणाल्या, येईल महिन्याभरात. ती आली नाही. मुलाने विषय काढू दिला नाही. मी म्हटलं, काकू, उरलेलं मी वाचून दाखवते. त्यांनी पानभर ऐकलं आणि मला थांबवलं. म्हणाल्या, "तू मास्तरीण. तू वाचतीस. ती सांगती."

पुढच्या रविवारी त्यांनी मला सोबत घेतलं, पुस्तक पिशवीत टाकलं आणि आम्ही एसटीने पैठणला गेलो. मुलाला सांगितलं, नाथांच्या दर्शनाला चाललेय.

सुमन पैठणी विणायला शिकत होती. आम्ही गेलो तेव्हा भावाच्या घरात मागावर बसली होती. उठून तिने काकूंना वाकून नमस्कार केला, पाणी दिलं. काकूंनी सरळ विचारलं, "न्यायला आले. चलतीस का?"

"नाही, आत्याबाई."

मला वाटलं काकू आता गिऱ्हाइकाला परत बसवणारी ती नजर रोखतील. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "मंग गोष्ट तरी पुरी कर."

सुमनने भावाकडे पाहिलं, मग पुस्तक घेतलं. दुपारभर वाचत होती. शेवटी त्या बाईला कळतं की तिचा नवरा वेढ्यातच मारला गेला होता. ती दिवा विझवते, अधिकाऱ्याचा हात धरून खंदकावरचा पूल ओलांडते आणि उजाडताना नाहीशी होते. अधिकारी मोकळा हात घेऊन उभा राहतो. सुमनने पुस्तक मिटलं.

काकूंनी मिटलेल्या पुस्तकावर तळहात ठेवला. मग म्हणाल्या, "मला ऐकू यायचं, सुमन. भिंत पातळच हाय."

"माहीत होतं मला," सुमन म्हणाली.

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. सुमन आणखी काही बोलेल म्हणून थांबल्या असाव्यात. तिने चहाचं आधण ठेवलं. आम्ही चहा घेऊन निघालो. परतीच्या एसटीत काकूंनी सगळा रस्ता खिडकीकडे तोंड केलं होतं.

काडीमोड झाला तसा मुलाच्या दुसऱ्या लग्नाच्या खटपटी सुरू झाल्या. पहिली सोयरीक जालन्याकडून आली. मी मदतीला पोहे करत होते. मुलीचे वडील, मामा, सगळे बसलेले. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाव्हणं, पोरगं कमावतं हाय. पण बायकोवर हात उचलतं. बघा तुमचं तुम्ही."

पाहुणे पोहे न खाताच उठले. नंतर दोन-तीन स्थळं आली, त्यांनाही काकूंनी हेच सांगितलं. मग स्थळं यायची थांबली. मुलाने आईशी बोलणं टाकलं. दुकान तिथंच ठेवून तो बजाजनगरला खोली घेऊन राहिला. दुकानातल्या गड्याकडून वर किराणा पाठवायचा, स्वतः जिना चढायचा नाही.

दुपारी मी जायचे. मी एकदा नवी कादंबरी नेली, तर काकू म्हणाल्या राहू दे. मी म्हटलं, सुमनला निरोप धाडू का, येईल ती एखाद्या दिवशी वाचायला. त्या झटकन म्हणाल्या, "नको. बोलावलं तर येईल ती. म्हणूनच नको. या घरात तिला पुन्हा नाय आणायची."

त्या गेल्या तेव्हा मी बदली होऊन अंबडला होते. मला उशिरा कळलं. कधीतरी पैठणला गेले तेव्हा सुमनला भेटले. तिचे आता स्वतःचे दोन माग होते. काकू गेल्याचं तिला ठाऊक होतं. विणता विणता तिने विचारलं, "नंतर त्यांना कुणी वाचून दाखवायचं का हो?"

मी नाही म्हटलं.

"मी गेले असते अधूनमधून," ती म्हणाली. "पण त्यांनी कधी बोलावलंच नाही. मला वाटलं, मी चलत नाही म्हटलं त्याचा राग धरला."

काकू काय म्हणाल्या होत्या ते मी तिला सांगितलं. तिचा धोटा हातातच थांबला. शेजारच्या मागावरच्या मुलीने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिने मान हलवली आणि कुठलाही धागा तुटला नसताना तुटलेलं टोक उगीच शोधत राहिली.