गुराखी कुणी पाहिला?

आसावरीच्या घराण्याला बेंगळुरात इतक्या पिढ्या झाल्या होत्या की मूळ गाव कुठलं, हे कुणालाच धड सांगता येत नसे. बनशंकरीतल्या त्यांच्या घरी मराठीत कन्नड मिसळलेलं असायचं, तांदळात डाळ मिसळावी तसं. शाळा कन्नड. मराठी अक्षरं वडिलांनी, विश्वेश्वरअण्णांनी, पाटीवर गिरवून घेतली होती.

नववीत असताना मराठी मंडळाच्या निबंध स्पर्धेत तिने ‘माझे वडील’ या विषयावर लिहिलं. परीक्षक होते पुरुषोत्तम देवस्थळी, पुण्याहून बदलून आलेले बँकेतले साहेब. बक्षीस समारंभात ‘निबंधातल्या चुका’ सांगायला म्हणून त्यांनी तिचाच कागद उचलला.

“‘अण्णा सकाळी स्वल्प कॉफी घेतात,’” त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून सभागृहाकडे पाहिलं. “‘थोडी’च्या जागी कन्नड ‘स्वल्प’! ही मराठी आहे की खिचडी? घरात कुणी शिकलेलं नाही का?”

सभागृह हसलं. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते. ते उठले, तिचा हात धरून बाहेर आले. बसथांब्यावर एवढंच म्हणाले, “स्वल्पविरामातलं स्वल्प कुठून आलं म्हणे?” पण हे तिथे बोलायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि ते त्यांना मरेपर्यंत सलत राहिलं. मंडळाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत.

आसावरी शिक्षिका झाली. वर्गात निबंध शिकवताना ती मुलांना बजावायची, “आधी विषय नीट वाचा. पाठ केलेली सुरुवात चिकटवू नका. डोळ्यांनी पाहिलं ते लिहा, आणि देण्याआधी एकदा मोठ्याने वाचा.” पण देवस्थळींचा तो आवाज तिच्या कानातून गेला नाही. तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.

निवृत्तीनंतर देवस्थळींनी मारतहळ्ळीत निबंधाचे वर्ग काढले. पुण्या-नागपुराहून आयटीत आलेल्यांची मुलं तिथे रांगा लावत. यंदा मंडळाने परीक्षक म्हणून आसावरीला बोलावलं, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, “जाणार. मी तर वाटच बघत होते.”

“आता म्हातारे झालेत ते. सोडून दे,” अवधूत म्हणाला.

“अण्णाही म्हातारे झाले होते. त्या वाक्याने त्यांना सोडलं?”

विषय होता ‘आमच्या जवळचा तलाव’. कागद वाचताना तिला हसू फुटलं. बहुतेक निबंध ‘निसर्ग हा मानवाचा आद्य गुरू होय’ असे सुरू होत होते. प्रत्येक तलावात कमळं होती, काठावर बासरी वाजवणारा गुराखी होता आणि शेवटी एकच सुभाषित.

समारंभात देवस्थळी अध्यक्षांच्या खुर्चीत होते. आसावरी माईकपाशी आली. “मी कुणा मुलाचं नाव घेणार नाही. फक्त सुरुवाती वाचते.” तिने एक वाचली, दुसरी वाचली. तिसरीला मागून कुणीतरी खुदकन हसलं. पुढे तर तिने तोंड उघडायच्या आतच सभागृह ते वाक्य म्हणू लागलं.

“बाळांनो,” तिने विचारलं, “हेब्बाळच्या तलावावर कुणी गुराखी पाहिलाय?”

“नाही!” मुलं खिदळली.

“मग का लिहिला?”

“पुरुषोत्तमकाकांनी सांगितलं!” मुलं एका सुरात, अभिमानाने ओरडली.

हसण्याने सभागृह दणाणलं. देवस्थळींचा चेहरा पांढरा पडला. “चूक मुलांची नाही,” आसावरी शांतपणे म्हणाली. “ज्याला स्वतःला काही दिसत नाही, तो पोरांना काय दाखवणार?”

कार्यक्रम संपल्यावर ते तिच्यापाशी आले. “बाई, चारचौघांत असं करायला नको होतं.”

“तुम्ही माझा निबंध वाचून, माझ्या वडिलांसमोर, चारचौघांतच विचारलं होतंत, घरात कुणी शिकलेलं नाही का म्हणून.”

देवस्थळी आठवू पाहत राहिले. त्यांना काहीच आठवेना. आसावरीला वाटलं होतं, ते शरमतील, निदान वाद घालतील. ज्या वाक्यापायी अण्णांनी मंडळ कायमचं सोडलं, ते बोलणाऱ्याच्या खिजगणतीतही नव्हतं. तिचा राग नव्याने भडकला.

“नसेल आठवत तर मी आठवण करून देईन,” ती म्हणाली. “दर वर्षी.”

पुढच्या महिन्यात मारतहळ्ळीतल्या मुलांच्या आयांचे फोन येऊ लागले, आता निबंध तुम्हीच शिकवा म्हणून. आसावरीने एकाही मुलाला नाही म्हटलं नाही. देवस्थळींचे वर्ग चालत त्याच इमारतीतला तळमजला तिने भाड्याने घेतला आणि दारावर पाटी लावली, अण्णांच्या नावाची.