खारीचे दात

मुलांची चित्रपुस्तकं करणारी बाई म्हणजे गोड असणार, असा लोकांचा पक्का समज असतो. शाळांमध्ये कार्यक्रमाला बोलावतात तेव्हा मुख्याध्यापिका दारातच तोंडभर हसत उभ्या असतात, जशी काही मी कडेवर ससा घेऊन येणार आहे. मी गोड नाही. माझी जीभ तिखट आहे आणि डोळा जिभेहून वाईट. समोरच्याचं वाकडं नाक, पुढे आलेली हनुवटी, एका अंगावर झुकलेली चाल मला आधी दिसते. माणूस मागाहून दिसतो, कधी कधी दिसतही नाही. अमरावतीतल्या दोन खोल्यांत बसून मी आजवर पंधरा-सोळा पुस्तकं केली, ती या डोळ्याच्या जिवावर.

हा डोळा मला घरातूनच मिळाला. आमच्या वऱ्हाडात माणसाला त्याच्या व्यंगावरून हाक मारायची रीत आहे. घरात एक लंगडे काका होते, एक भेंगी मावशी होती, आणि मला लग्न होण्याच्या वयापर्यंत सगळे काळी म्हणत. लग्न झालं नाही, काळी मात्र राहिली. कोणी रागावत नसे. ज्याला चिडवतात तो घरचा आणि ज्याला अहोजाहो करतात तो पाहुणा, असा साधा हिशोब होता. चिडवणं म्हणजेच लाड, असं मी लहानपणापासून धरून चालले आणि पुण्याच्या माझ्या संपादकबाईंनाही ते मोठ्या तोऱ्यात ऐकवत आले. लंगड्या काकांना कसं वाटतं, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

मुलींच्या शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून मी पुस्तकांकडे वळले, तेव्हा पहिली तीन पुस्तकं साफ पडली. त्यांत हरणं होती, फुलपाखरं होती आणि सगळ्यांचे डोळे टपोरे होते. संपादकबाईंनी चौथ्या पुस्तकाची डमी, म्हणजे कच्ची प्रत, परत पाठवली आणि वर लिहिलं, "छान आहे, पण यात कुणी राहत नाही." मी दोन दिवस जेवले नाही. राग यासाठी आला, की बाई खरं बोलल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात माझी भाची अकोल्याहून सुट्टीला आली. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी, तिसरीतून चौथीत गेलेली. तिचे वरचे दोन दात इतके पुढे होते, की ओठ मिटायचे म्हटलं तर तिला ठरवून मिटावे लागत. खायला काही दिलं की ती ते दोन्ही हातांनी छातीशी धरायची आणि भराभर कुरतडायची, आणि डोळे मात्र दुसऱ्याच्या ताटात. मी तिला पाहत राहिले. पेन्सिल आपसूक हातात आली. पहिल्याच कागदावर खार उतरली, जिवंत आणि हावरट, आणि मला कळलं की आता आपल्याला पुस्तक सापडलं.

मला मनातून चित्र काढता येत नाही. समोर जिवंत माणूस लागतो. म्हणून मी तिला रोज सकाळी खिडकीशी बसवायची. ती खूश होती. आत्या आपलं पुस्तक काढते आहे, हे तिनं गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. गोष्ट अशी होती, की एक खार सगळ्यांच्या डब्यातलं चोरून खाते आणि दातांत घास अडकलेला असतानाही 'मी नाही खाल्लं' म्हणते. शेवटी बाकीचे प्राणी तिच्यापुढे एक भलंमोठं कवठ ठेवतात. ती चावते, दात कवठात रुततात, आणि मग सगळे तिच्यासमोर बसून निवांत जेवतात. तिला बोलताही येत नाही.

त्या शेवटच्या चित्रासाठी मी हंगाम संपता संपता बाजारातून एक कवठ शोधून आणलं. ते तिला दातांत धरायला लावलं आणि अर्धा तास हलू दिलं नाही. लाळ हनुवटीवरून फ्रॉकवर गळत होती. तिचा जबडा थरथरायला लागला, तेव्हा तिनं मुठीतून बोट वर करून विचारल्यासारखं केलं. "थांब जराशी," मी म्हणाले, "डोळे तसेच ठेव." डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पाणी मला हवं होतं. ते चित्र त्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं चित्र आहे. मी आजही असंच म्हणेन.

पुस्तक तुफान चाललं. गावोगावच्या शाळांतून बोलावणी यायला लागली. मी पिशवीत एक कवठ घेऊन जायची, शेवटच्या पानाला ते दातांशी लावून, दात रुतल्यासारखं गूं-गूं करत बोलायची आणि पोट्टे बाकांवरून खाली पडायचे. अकोल्याच्या एका शाळेनं बोलावलं, तेव्हा कळलं की ही भाचीचीच शाळा आणि वर्गही तिचाच, चौथीचा. भावाला कोण आनंद झाला. तो अकोटच्या एका शाळेत शिकवतो, रोज एसटीनं जातो-येतो. तिच्या डोक्याला तेल लावून, दोन वेण्या घालून त्यानं तिला मुद्दाम पुढच्या बाकावर बसायला सांगितलं होतं.

मी वाचायला लागले. दुसऱ्याच पानाला कुजबुज सुरू झाली. चौथ्या पानाला माना तिच्याकडे वळायला लागल्या. ती अजून हसत होती, सगळ्यांसारखीच, दात दाखवून. मग मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मॅडम, हे खार तर आमच्या वर्गात हाय!"

सगळा वर्ग हसला. वर्गाच्या बाईसुद्धा हसल्या. त्या वेळी मी काहीही म्हणू शकले असते. पुस्तक मिटू शकले असते, दुसरी गोष्ट सांगू शकले असते. पण समोर साठ पोरं माझ्याकडे बघत होती आणि पुढचा हशा मला जिभेच्या टोकावर दिसत होता.

"हो का?" मी म्हणाले. "मग आपापले डबे सांभाळा रे बाप्पा!"

तितका मोठा हशा मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. भाचीनं ओठ मिटले. दातांवरून ओठ ओढून घेताना तिची हनुवटी ताणली गेली, ते मला नीट दिसलं. मी पान उलटलं आणि पुढे वाचलं. शेवटी कवठही काढलं.

पुढचं मला भावाकडून कळलं. मधल्या सुट्टीत ती जवळ आली की मुली डब्यांवर झाकणं दाबून धरायच्या आणि हसायच्या. मग कोणी तिला जेवायला बोलावेनासं झालं. काही दिवस ती एकटी बसली. नंतर डबा तसाच भरलेला घरी यायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, जंताचं औषध दिलं. पाचवीत गेली तेव्हा तिचा गणवेश खांद्यावरून घसरत होता.

एका रविवारी भाऊ अमरावतीला आला. त्यानं कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तो खुर्चीच्या काठावर बसला आणि चहाला हात लावला नाही.

"ताई, पुस्तक पुन्यांदा छापून राहिले म्हणते. त्या खारीचे दात बारीक करता नाही येत का वो? इतकेसेच. पोरगी जेवत नाही."

"अरे, पोरं चिडवतातच. आपल्याले नाही चिडवलं? हसतील त्यांचे दात दिसतील, आई म्हणत होती ना?"

"आपली गोष्ट येगळी होती, ताई. आपल्याले घरचे चिडवत होते."

सांगते प्रकाशकांना, असं मी म्हणाले. तो उठला, जाता जाता माझ्या पायाला हात लावून गेला. इतका त्याचा भरवसा.

आता खरं सांगते. प्रकाशकांना काही सांगावं लागलंच नाही. त्याच आठवड्यात संपादकबाईंनीच मला विचारलं होतं. नवी आवृत्ती काढतोय, काही पालकांची आणि मुलांची पत्रं आली आहेत, दात थोडे कमी केले तर चालेल का, दोन-तीन दिवसांचं काम आहे, तुम्ही म्हणाल तसं. कागद, रंग, मूळ चित्रं, सगळं माझ्या टेबलाशी होतं. मी एक पान काढून दात खोडून पाहिले. खार गेली. तिथे एक सभ्य, गोंडस, माझ्या पहिल्या तीन पुस्तकांतली कोणीतरी बसली होती. मला पुन्हा त्या पडलेल्या पुस्तकांकडे जायचं नव्हतं. एवढंच कारण होतं, दुसरं कोणतंही नव्हतं. मी संपादकबाईंना चार ओळींचा नकार लिहिला. भावाला फोन करून सांगितलं, "लय भांडले रे त्यांच्याशी, पण ऐकत नाहीत. त्यांचा हक्क आहे."

"राहू दे ताई," तो म्हणाला, "तू आमच्यासाठी इतकं केलं."

त्यानंतर आठ-नऊ वर्षं गेली. भाचीच्या दातांना तार बसली, तार निघाली, दात सरळ झाले. ती आता फार्मसी शिकते, कमी बोलते, शांतपणे जेवते. खारीचं पुस्तक अजून निघतं. मला त्याच्या जोरावर पुढची सगळी पुस्तकं मिळाली.

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला नेहमीप्रमाणे अकोल्याला गेले. जठारपेठेतल्या भावाच्या घरी पंगत बसली होती, सोळा भाज्या, अंबील, पुरण, सगळं ताटात. भावाच्या शाळेतले दोन मास्तर समोर बसले होते. भावानं त्यांना माझी ओळख करून दिली आणि मग तीच गोष्ट सुरू केली, जी तो म्हणे एसटीत रोज कोणाला ना कोणाला सांगतो.

"पुण्याच्या प्रकाशकासंग भांडली ही माह्या पोरीसाठी. पुस्तक बंद करा म्हणे, पण पोरीले त्रास नको. अशी बहीण भेटत नाही सर."

मास्तरांनी माना डोलावल्या. भाची अंबील वाढत होती. तिचा हात हलला नाही, एक थेंब इकडेतिकडे सांडला नाही. इतकी वर्षं मी हे ऐकून घेत आले होते आणि मला ते गोडही लागत होतं. त्या दिवशी मात्र ती तिथे उभी होती. आपण आता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, असं वाटून मी हात धुतले आणि तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

ती भांड्यात कढी ओतत होती. मी दार ओढून घेतलं.

"तुले एक सांगायचं आहे. प्रकाशक नाही म्हणालेच नव्हते. ते तयार होते. मीच नाही म्हटलं."

"मालूम आहे मले," ती म्हणाली.

मला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तशी तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली.

"म्या पत्र लिवलं होतं त्याईले. पाचवीत. पुस्तकाच्या मागं पत्ता होता ना, त्याच्यावर. खारीचे दात थोडे लहान करा, म्हणून. मंग त्याईचं उत्तर आलं. 'आम्ही चित्रकारांना विचारलं, त्या म्हणतात दातच तर खरी गंमत आहे.' छापील कागद होता, खाली सही होती. संग एक रंगवायचं चित्र पाठवलं होतं. खारीचंच."

'दातच तर खरी गंमत आहे.' शब्द माझेच होते. चार ओळींतली दुसरी ओळ.

"मग?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार होते.

"मंग काय. रंगवलं."

बाहेरून भावाचा आवाज येत होता, कढी आणा म्हणून. मी म्हणाले, "बाबाले काहून नाही सांगितलं तू?"

"पत्र आलं त्या दिवशी बाबा आईले सांगून राहिले होते, की ताई आपल्यासाठी भांडली म्हणून. लय खूश होते. मंग मी कोणत्या तोंडानं सांगू? आता बाबाचं सांगून सांगून ते खरंच झालं आहे. तू पण नको सांगजो."

मी तिचा हात धरायला गेले. तोंडातून शब्द निघणारच होता, तेवढ्यात तिनं हात मागे घेतला. रागानं नाही, गरम भांड्यावरून घेतात तसा.

"माफी मांगू नको, आत्या. तू माफी मांगितली की मले 'राहू दे' म्हणा लागते. अन् मले ते म्हणायचं नाही."

मग तिनं दार उघडलं, कढीचं भांडं उचललं आणि पंगतीत गेली. मी ओट्याशी उभी राहिले. बाहेर ती एकेकाला विचारत पुढे सरकत होती, कढी वाढू का, अजून थोडी वाढू का.